‘आजीचं तारण झालेलं नाही,’ असं मुलगा म्हणतो तेव्हा

प्रश्न : वसईतल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ताई मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, हिंदू घरातल्या. पंचवीसेक वर्षांपूर्वी वसईच्या कॅथलिक कुटुंबात लग्न होऊन आल्या. लग्नाआधी धर्मशिक्षण घेऊन बाप्तिस्मा घेतला, आणि तो नवऱ्यासाठी म्हणून नव्हे, मनापासून घेतला असं त्या लिहितात. आईने काही महिने अबोला धरला. मग एका मे महिन्यात आमसुलं आणि काजूगर पिशवीत भरून ती स्वतःच वसईला आली आणि म्हणाली, “देव बदललो म्हणान माझा चेडू काय बदलणा नाय.” त्यानंतर माहेर कधी तुटलं नाही. मुलाच्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या आजोळीच गेल्या.

गेल्या वर्षी आई गेली. शेवटचे काही दिवस ती आयसीयूत बेशुद्ध होती. जवळच्या बाटलीतलं पाणी तिच्या कपाळावर घालून बाप्तिस्मा द्यावा असं ताईंच्या मनात आलं, पण हात धजला नाही. आता मुलगा एकवीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून तो एका नव्या प्रार्थना-संगतीत जातो. तिथे त्याने पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. घरच्या रोझरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला, तो बसत नाही. आजीच्या वर्षश्राद्धाला आजोळी येणार नाही म्हणाला. का, असं विचारल्यावर उत्तर आलं : “आजीचं तारण झालेलं नाही. तू वेळेवर सांगितलं असतंस तर झालं असतं.” (तारण म्हणजे पापातून सुटका आणि मरणानंतर देवाजवळ जागा.) नवऱ्याचं म्हणणं, या घरात राहायचं तर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यायचं, नाहीतर चालू लाग. ताई विचारतात : माझी आई खरंच नरकात आहे का? मी ते पाणी घालायला हवं होतं का? वर्षश्राद्धाला जाऊ की नको? आणि मुलाला काय सांगू?

प्रिय ताई,

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण तुमची झोप उडवली आहे ती त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाने, पाण्याच्या. म्हणून त्याचं उत्तर आधी देते. नाही, ते पाणी घालायला नको होतं. तुमचं समाधान व्हावं म्हणून मी हे म्हणत नाही, तुमच्याच चर्चचा कायदा तसं सांगतो. 1983 च्या कॅनन कायद्यातलं 865 वं कलम प्रौढांच्या बाप्तिस्म्याबद्दल आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्याने स्वतः तशी इच्छा दाखवलेली असावी लागते आणि त्याला श्रद्धेची पुरेशी ओळख असावी लागते. माणूस मरणाच्या दारात असला तर अटी सैल होतात, पण सुटत नाहीत. मुख्य सत्यांची थोडी तरी ओळख आणि कुठल्या ना कुठल्या रीतीने दाखवलेली इच्छा तेव्हाही लागतेच. तुमच्या आईने यातलं काहीच दाखवलेलं नव्हतं. सत्तर-पंचाहत्तर वर्षं तिने आपल्या देवघरात फूल घातलं, राखणदाराला नारळ दिला. तिला बोलता येत नसताना तिच्या वतीने एवढा मोठा निर्णय घेणं तुमच्या हाताला पटलं नाही. हात बरोबर होता.

हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण दोन धर्म एकत्र नांदतात अशा घरांतून ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकते. कोणी दवाखान्यात गुपचूप पाणी घालतं आणि वर्षानुवर्षं भावंडांपासून लपवतं, कोणी घालत नाही आणि वर्षानुवर्षं स्वतःला खातं. ज्यांचे आईवडील आज हिंडते-फिरते आहेत त्यांनी हवं तर त्यांच्याशी आजच बोलावं. ते शुद्धीत नसताना बोलायची वेळ येऊ देऊ नये.

आता मुलाचं म्हणणं. त्याने ते स्वतःच्या डोक्यातून काढलेलं नाही, आणि तुम्ही त्याला “हे कुठून शिकून आलास?” असं विचाराल तर तो तुम्हाला तुमच्याच चर्चचा इतिहास दाखवेल. “चर्चबाहेर तारण नाही” हे सूत्र तिसऱ्या शतकातलं, कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्याशी जोडलेलं. तेव्हा वाद ख्रिस्ती लोकांच्या आपापसातल्या फुटीचा होता. चर्च सोडून वेगळी चूल मांडणाऱ्यांना उद्देशून ते होतं. पुढे त्याचा रोख बाहेरच्या सगळ्यांकडे वळला. 1442 साली फ्लॉरेन्सच्या परिषदेच्या काळात निघालेल्या फर्मानात तर मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी आणि फुटीर हे सगळे मरणापूर्वी चर्चमध्ये आले नाहीत तर सार्वकालिक अग्नीत जातील, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. हे लपवू नका. मुलगा उद्या ते मोबाइलवर उघडून तुमच्यापुढे धरेल, आणि तुम्हाला ते माहीतच नव्हतं असं व्हायला नको.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. ते फर्मान लिहिणाऱ्यांना जग केवढं आहे हेच ठाऊक नव्हतं. सुवार्ता जवळपास सगळीकडे पोचलेली आहे आणि जे बाहेर आहेत ते जाणूनबुजून बाहेर आहेत, असं तेव्हा युरोपात धरून चालत. पन्नास वर्षांत कोलंबसाची जहाजं पलीकडे लागली, त्यानंतर सहा वर्षांत वास्को द गामा कालिकतला उतरला, आणि येशूचं नावही न ऐकता पिढ्यान्‌पिढ्या जगलेली माणसं समोर आली. त्यांना देवाने कशाबद्दल शिक्षा करायची? या प्रश्नाने धर्मपंडितांची झोप मोडली. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये ‘बाप्तिस्मा किंवा त्याची इच्छा’ असे शब्द वापरले, आणि त्या ‘इच्छे’चा अर्थ पुढे रुंदावत गेला. 1863 मध्ये पोप नववे पायस यांनी लिहिलं, की ज्यांना स्वतःचा दोष नसताना खऱ्या धर्माची ओळख झाली नाही, पण जे मनात कोरलेला नैसर्गिक नियम पाळतात आणि देवाच्या आज्ञेत राहायला तयार असतात, त्यांना देवाच्या कृपेने सार्वकालिक जीवन मिळू शकतं. हे पोप काही उदारमतवादी नव्हते. आधुनिक विचारांवर तुटून पडण्यासाठीच ते प्रसिद्ध आहेत.

मग अमेरिकेतलं ते गाजलेलं प्रकरण. बोस्टनमध्ये लेनर्ड फीनी नावाचे जेजुइट संघाचे धर्मगुरू ‘चर्चबाहेर तारण नाही’ याचा अगदी शब्दशः अर्थ लावून प्रचार करत होते. 1949 मध्ये रोमने बोस्टनच्या आर्चबिशपना पत्र पाठवून कळवलं की या सूत्राचा असा अर्थ चर्च लावत नाही. फीनी ऐकेनात, रोमला बोलावलं तरी गेले नाहीत, आणि आज्ञाभंगासाठी 1953 मध्ये त्यांनाच चर्चबाहेर काढण्यात आलं. (पुढे 1972 मध्ये समेट झाला.) म्हणून “व्हॅटिकन टूने पाणी घातलं, आधी सगळं कडक होतं” असं मुलगा म्हणाला, तर ते तपासायला हवं. दुसरी व्हॅटिकन परिषद भरली 1962 मध्ये. 1964 च्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजातला सोळावा परिच्छेद आणि 1965 चं इतर धर्मांविषयीचं ‘नोस्त्रा एताते’ हे निवेदन यांनी आधीपासून चाललेल्या वाटेवरच पुढचं पाऊल टाकलं. सोळाव्या परिच्छेदाचा आशय असा : आपला दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताचं शुभवर्तमान ठाऊक नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीच्या आवाजात त्याची इच्छा ओळखून वागायचा प्रयत्न करतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकतं.

इथे मुलगा बरोबर बोट ठेवेल : “आजीला ठाऊक कसं नव्हतं? तिची मुलगीच ख्रिस्ती होती.” प्रश्न वाजवी आहे आणि त्यावर आजही वाद आहेत. नाव कानावर पडणं म्हणजे ठाऊक होणं का? तुमच्या आईच्या कानावर ख्रिस्ताचं नाव पहिल्यांदा जोरात पडलं ते लेक घर सोडून जाते आहे या बातमीबरोबर. तिला त्यातून शुभवर्तमान ऐकू आलं असेल की नुसतं नुकसान? तिला नेमकं काय कळलं आणि तिने नेमकं काय नाकारलं, हे तुम्ही सांगू शकत नाही, मी सांगू शकत नाही, आणि सहाव्या इयत्तेपर्यंत तिच्या कुशीत झोपलेला तुमचा मुलगाही सांगू शकत नाही.

बायबलमधलं त्याचं मुख्य वचन योहान 14:6 असणार : मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. त्याला सांगा की हे वचन तुम्हीही मानता. कॅथलिक चर्चही ते सोडत नाही. 2000 साली रोमने काढलेलं ‘दोमिनुस येझुस’ हे निवेदन तर याच मुद्द्यावर इतकं ठाम होतं की इतर चर्चमध्ये आणि भारतातल्या अनेक कॅथलिक विचारवंतांमध्येही नाराजी पसरली. वाद वेगळाच आहे. जो कोणी पित्याकडे पोचतो तो ख्रिस्ताच्या द्वारेच पोचतो, इथवर सगळे एक. पण पोचणाऱ्याला वाटेत आपल्याला कोण नेतंय हे नावानिशी माहीत असायलाच हवं का? कार्ल रानर या जर्मन धर्मपंडिताने ‘नको’ म्हटलं आणि अशा माणसांना ‘निनावी ख्रिस्ती’ म्हटलं. (वेंगुर्ल्याच्या तुमच्या आईला कोणी असं म्हटलं असतं तर तिने त्याला काय उत्तर दिलं असतं, याची मला कल्पना करवते. ते इथे छापण्याजोगं नसतं.) झाक ड्युप्युई हे बेल्जियन जेजुइट भारतात तीन दशकांहून अधिक काळ राहिले आणि इथे शिकवत होते. त्यांनी 1997 मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं की देवाच्या योजनेत इतर धर्मांनाही जागा असावी. रोमने त्यांची चौकशी केली आणि 2001 मध्ये त्यांच्या लिखाणात संदिग्धता असल्याचं जाहीर केलं. सांगायचं काय, तर हा प्रश्न मिटलेला नाही. 2024 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस इटालियन टीव्हीवर म्हणाले की नरक रिकामा असावा असं मला वाटायला आवडतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिंगापूरला तरुणांसमोर म्हणाले की सगळे धर्म देवाकडे जाणाऱ्या वाटा आहेत. दोन्ही वेळा जगभर गदारोळ झाला, आणि तुमच्या मुलाच्या व्हॉट्सअॅपवर आलेल्या क्लिपा बहुतेक त्यातल्याच असणार. त्या क्लिपांतून एक वाक्य हमखास गळतं. नरकाबद्दल बोलताना पोपनी आधीच सांगितलं होतं की हा श्रद्धेचा सिद्धान्त नाही, माझं वैयक्तिक मत आहे.

मुलाच्या बाजूच्या मंडळींमध्येही एकमत नाही, हे त्याला कदाचित कोणी सांगितलेलं नसेल. जॉन स्टॉट हे विसाव्या शतकातल्या इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्ता सांगण्यावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट चळवळीतलं मोठं नाव. 1974 च्या लोझान कराराच्या, म्हणजे त्या चळवळीच्या जाहीरनाम्याच्या, मसुद्यामागे मुख्य हात त्यांचाच. त्याच स्टॉटनी 1988 मध्ये जपून का होईना लिहिलं, की अंतहीन यातनांपेक्षा दुष्टांचा शेवटी पूर्ण नाश होतो हा अर्थ बायबलला अधिक धरून असू शकतो. ज्यांनी कधी ऐकलंच नाही त्यांच्याविषयी आपल्याला ठरवता येत नाही, असंही ते मानत. त्यांच्यावर टीका झाली, पण चळवळीने त्यांना बाहेर काढलं नाही.

तर मग तुमची आई कुठे आहे? ताई, ती स्वर्गात आहे असं मी लिहिणार नाही. तुम्हाला ते ऐकायला हवं असेल, पण मला ते माहीत नाही, आणि तुमच्या मुलासारखी मीही नसलेली खात्री दाखवली तर त्याच्यात आणि माझ्यात फरक उरत नाही. चर्चने आजवर हजारो जणांना संत म्हणून घोषित केलं. नरकात असलेल्यांची अशी यादी चर्चने कधी काढली नाही, येशूचा घात करणाऱ्या यहुदाचंही नाव अधिकृतपणे त्यात घातलं नाही. एखाद्याविषयी आशा धरायला चर्च मोकळीक देतं, शिक्षा ठोठवायला देत नाही. बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांविषयीही असंच झालं. वसईतल्या जुन्या बायका ‘लिंबो’चं, म्हणजे स्वर्गही नव्हे आणि नरकही नव्हे अशा जागेचं, नाव घेत. 2007 मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने लिहिलं, की त्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, मात्र ही आशा आहे, खात्रीचं ज्ञान नव्हे. ज्या आयांनी आयुष्यभर ते ओझं वाहिलं त्यांतल्या बऱ्याच जणी तोवर गेल्या होत्या, ही गोष्ट मला अजून सलते.

तुम्ही पत्रात एक वाक्य लिहिलंय : “त्याचा विश्वास पक्का आहे, माझाच कच्चा आहे म्हणून मला रडू येतं.” हे तुम्ही कशावरून ठरवलं? आईसाठी रडणं आणि उत्तर माहीत नाही असं म्हणणं, यात कच्चेपणा कुठला? लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात कोणीतरी येशूला थेट हाच प्रश्न विचारतो, प्रभू, तारण थोड्यांचंच होणार का? येशू आकडा देत नाही. तो लोकांना म्हणतो, अरुंद दरवाजाने आत जायचा तुम्ही नेटाने प्रयत्न करा. पुढे त्याच उत्तरात आम्ही तुझ्याबरोबर जेवलो-प्यालो असं म्हणणारे बाहेर राहतात आणि पूर्व-पश्चिमेकडून, उत्तर-दक्षिणेकडून माणसं येऊन पंगतीला बसतात. हा अध्याय मुलाबरोबर बसून वाचा. वाद जिंकायला नको, नुसता वाचा. ‘माझ्या या कनिष्ठ बंधूंपैकी एकासाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत’ असं येशू म्हणतो तो मत्तयचा पंचविसावा अध्याय मुलगा काढू देणार नाही, कारण ‘माझे कनिष्ठ बंधू’ म्हणजे फक्त शिष्य, असा अर्थ त्याच्या संगतीत लावत असतील. काही अभ्यासकही तसा लावतात. ज्याची प्रार्थना बाप्तिस्म्याआधीच देवाने ऐकली त्या रोमी अधिकाऱ्याची, कर्नेल्याची, गोष्ट काढलीत तर म्हणेल, तरी येशूच्या शिष्याला, पेत्राला, त्याच्याकडे जावंच लागलं. ठीक आहे. त्याला वचनं पाठ आहेत, तुम्हाला नाहीत, म्हणून वचनांच्या भेंड्या खेळू नका.

त्यापेक्षा मला दुसरीच शंका येते. तुम्ही त्याच्या बोलण्यात उद्धटपणा ऐकला. मला त्यात भीती ऐकू येते. आजी गेली तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि त्या संगतीत नवा होता. आजी आजारी असताना तिला सांगायचं त्याच्याही मनात आलं असेल. त्यानेही सांगितलं नाही. “तू सांगितलं असतंस तर” या वाक्यातल्या ‘तू’च्या मागे ‘मी’ लपलेला असू शकतो. तुम्ही दोघं एकाच दवाखान्याच्या बाकावर बसून एकाच गोष्टीने स्वतःला खात होतात, एकमेकांना न सांगता. माझा अंदाज चुकू शकतो. पण त्याला एकदा विचारून बघा, “तुला आजीशी बोलायचं होतं का रे?” जेवणाच्या ताटावर विचारू नका, वडील समोर असताना तर नकोच. वसईहून कुडाळपर्यंतची गाडी कित्येक तास घेते. तेवढा वेळ शेजारी बसून मिळाला तर बरं. तो नाहीच आला तर दुसरी वेळ शोधा.

आणि त्या संगतीची टिंगल करू नका. “टाळ्या पिटणारे” म्हणून आपल्याकडे हसतात, पण तिथे त्याला काय मिळतं ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर साधं असतं : तिथे त्याला नावाने ओळखतात, आठवडाभरात काय झालं ते विचारतात. आपल्या मोठ्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) पोरगा दहा रविवार आला नाही तरी कोणाला पत्ता नसतो. हे आपलं अपयश आहे आणि ते मान्य करायला हवं. काळजी कधी करायची तेही सांगते. पगार सुरू झाल्यावर दशमांशासाठी, म्हणजे कमाईचा दहावा भाग देण्यासाठी, दबाव येऊ लागला, आजारपणात औषध सोडून नुसत्या प्रार्थनेवर राहा असं सांगितलं गेलं, घरच्यांशी बोलणंच तोडायला लावलं, किंवा पास्टरला प्रश्न विचारणं हेच पाप ठरलं, तर गप्प बसू नका. यातलं काही नसेल तर तो देव शोधतो आहे, तुमच्यापेक्षा वेगळ्या आवाजात. घरात एकच नियम घाला : या घरात कोणाच्याही मेलेल्या माणसाचा निकाल नाव घेऊन लावायचा नाही. त्यानेही नाही, आणि त्याच्या पास्टरबद्दल बोलताना तुम्हीही नाही.

वर्षश्राद्धाला जा. संकल्प आणि पिंडदान भाऊ करणार, तुमच्याकडून कोणी त्याची अपेक्षा करत नाही. आपण काय करू आणि काय करणार नाही ते भावाला आधी फोनवर सांगून ठेवा, म्हणजे भटजींसमोर अवघड व्हायचं नाही. दुसऱ्याच्या पूजेच्या वेळी मान राखून उभं राहणं वेगळं आणि पूजा करणं वेगळं. स्वयंपाकघरात काळ्या वाटाण्यांचं सांबारं ढवळायला, वडे थापायला हात हवेच असतात. नैवेद्य दाखवलेलं अन्न खावं की नाही, हा मात्र मुलाचा खरा अडसर असेल तर त्याला हसू नका. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायांत नेमका हाच प्रश्न घेतलाय. बाजारात जे मिळतं ते चौकशी न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या मनाखातर टाळा. आणि रोमकरांना लिहिताना तो म्हणतो, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. मुलाला दोन्ही अर्धे एकदम पाळायला सांगा. तो विधीच्या वेळी मागच्या पडवीत बसेल, पानात साधा भात घेईल, चालेल. मामाला भेटेल, एवढं पुरे.

अशी घरं आपल्याकडे नवी नाहीत. नारायण वामन टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं दोघं वेगळे राहिले, मग एका छपराखाली आले तेव्हाही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं लगेच सोडलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा नंतर, त्यांच्या वेळेने झाला. टिळक स्वतः म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुमचा मुलगा त्यांना आपल्यातले थोर मानत असेल तर हे त्याच्या कानावर घालायला हरकत नाही.

आता तुम्ही न विचारलेलं एक. आईसाठी मिस्सा अर्पण करता येतो हे तुम्हाला कोणी सांगितलंय का? पत्रावरून वाटतं, नाही. त्याच कॅनन कायद्याचं 901 वं कलम अगदी छोटं आहे : जिवंत असो वा मृत, कोणासाठीही मिस्सा अर्पण करायला धर्मगुरू मोकळा आहे. ‘बाप्तिस्मा झालेल्या’ अशी अट त्यात नाही. धर्मग्रामाच्या ऑफिसात जाऊन आईचं नाव, तिचं हिंदू नाव, जसंच्या तसं लिहून द्या. ऑफिसातल्या कोणी भुवई उंचावली तर थेट फादरांशी बोला. त्यांना विनंती करा की त्या दिवशी जमलं तर मिस्सातल्या मुख्य प्रार्थनांपैकी चौथी युखॅरिस्टिक प्रार्थना म्हणावी. तिच्यात मृतांचं स्मरण करताना, ज्यांची श्रद्धा फक्त देवालाच ठाऊक आहे अशा सर्व मृतांचीही आठवण केली जाते. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत सासूबाईंच्या कबरीवर मेणबत्ती लावाल, तेव्हा आईसाठीही एक लावा. तिची कबर तिथे नाही म्हणून अडत नाही. मुलगा मृतांसाठी प्रार्थना करणार नाही, त्याच्या संगतीत ते मानत नाहीत. त्याला आग्रह करू नका. नोव्हेंबरच्या मिस्सांसाठी नावं लवकर भरतात, तेवढं ध्यानात ठेवून आधी जाऊन या.

राहिले तुमचे यजमान. घाबरलेत तेही. गावात चर्चा होते, “यांचा पोरगा विश्वासी झाला,” म्हणजे त्या नव्या संगतीत गेला. पण “चालू लाग” म्हटलं तर तो खरोखरच चालू लागेल, त्या संगतीतली मंडळी त्याला आनंदाने जागा देतील, आणि मग तो फक्त त्यांचाच होईल. मिस्साची अट मागे घ्यायला लावा. अट घालायचीच तर रविवारी दुपारी सगळ्यांनी घरी एकत्र जेवायचं अशी घाला, आणि ती नवऱ्याने नव्हे, तुम्ही घाला. मासळी तुम्हीच रांधता.